‘दुष्परिणाम शून्य’ असे लिहून येणाऱ्या नैसर्गिक उपायांवर किती विश्वास ठेवावा?

तळेकाठचा (ठाणे)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे घडले, त्यातून पडलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. मजकूर लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

माझी आई ७२ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी ती दोन गोळ्या घेते आणि त्यांतली एक लघवी वाढवणारी आहे. रोज सकाळी कचराळी तलावाभोवती तिच्या मैत्रिणींचा आणि त्यांच्या यजमानांचा एक गट फेऱ्या मारतो. त्या गटाच्या व्हॉट्सॲपवर एका काकांनी काढ्याची कृती पाठवली होती: ज्येष्ठमध, तुळस, दालचिनी, मिरी. घसा, छाती, पचन आणि सांधे या सर्वांवर तो गुणकारी असल्याचे लिहिले होते आणि शेवटची ओळ होती, ‘शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य’. बाबांनी त्याच दिवशी बाजारपेठेतून पाव किलो ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. काढा चवीला गोडसर होत असल्याने आईला तो आवडला आणि सकाळच्या एका कपाचे पंधरा दिवसांत दोन कप झाले.

सहाव्या आठवड्यात तिच्या पायांवर सूज दिसू लागली, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि रक्तदाब १७२/९८ निघाला. डॉक्टरांनी विचारले, “नवीन काही औषध सुरू केले आहे का?” आईने प्रामाणिकपणे “नाही” असे सांगितले. गोळीची मात्रा वाढवण्याचे ठरतच होते, तेवढ्यात रक्ततपासणीचा अहवाल आला आणि त्यात पोटॅशियम २.८, म्हणजे बरेच कमी, होते. तेव्हा डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवले आणि म्हणाले, “आजी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जाते ते मला पाण्यापासून सांगा.” त्या यादीत काढा तिसऱ्या क्रमांकावर होता. आईच्या लेखी तो औषध नव्हताच, त्यामुळे आधीच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर खोटेही नव्हते.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचे द्रव्य असते. आपल्या शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात निष्प्रभ करण्याचे काम एक विकर (एन्झाइम) करते आणि हे द्रव्य त्या विकरालाच अडवते. परिणामी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. त्यात लघवीची गोळी पोटॅशियम आणखी उतरवते. काढा बंद केल्यावर आणि काही दिवस पोटॅशियमचे औषध घेतल्यावर तीन आठवड्यांत सर्व पूर्वपदावर आले.

ज्येष्ठमध वाईट आहे, असे मी म्हणत नाही. घसा बसला असता एखादी काडी चघळणारा मीही आहे. मात्र त्या दिवसापासून मी आलेला प्रत्येक सल्ला एका विशिष्ट नजरेने वाचू लागलो आहे: हा उपाय कोणी घेऊ नये आणि कधी थांबवावा, हे त्यात लिहिले आहे का? गेल्या महिनाभरात आमच्या निरनिराळ्या गटांवर आलेले असे एकवीस संदेश मी मुद्दाम जपून ठेवले. त्यांपैकी एकात, फक्त एकात, ‘गर्भवतींनी घेऊ नये’ एवढे वाक्य होते. जो सल्ला स्वतःची हद्द सांगत नाही, तो देणाऱ्याला त्या पदार्थाची पुरेशी माहितीच नाही, असे माझे मत झाले आहे. हा निकष पुरेसा आहे का? आपण घरी काय पाहता?

रानजाई (नेरुळ)

आपल्या मातोश्रींना बरे वाटले हे वाचून आनंद झाला. तरीही सुराशी मी पूर्णपणे सहमत नाही. माझ्या आजीने सात मुले वाढवली आणि तिच्या डब्यातील सुंठ, ओवा, वेखंड, मध यांच्यासोबत कोणतेही माहितीपत्रक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव हाही पुरावाच आहे. माझ्या भावाला लहानपणी कावीळ झाली असता पेणजवळच्या एका गावातून औषध आणले होते. तेथील माणसाने गळ्यात काड्यांची एक माळ घातली. ती दिवसागणिक लांब होत बेंबीपर्यंत आली आणि कावीळ उतरली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. गोळ्यांनाही दुष्परिणाम असतातच, मग संशय फक्त काढ्यावरच का?

सरळरेषा (ठाणे)

रानजाई ताई, आपण जे पाहिले ते खरेच घडले असणार. प्रश्न एवढाच आहे की, माळ घातली नसती तर काय झाले असते?

मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ‘ए’ या विषाणूमुळे होते आणि ती काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. त्यामुळे त्या काळात जो कोणी काही देईल, त्याला यश येते. माळेचे म्हणाल तर ती ओल्या काड्यांच्या लहान तुकड्यांना दोऱ्याच्या गाठींत अडकवून केलेली असते. काड्या वाळून बारीक झाल्या की फास सैल होतात, त्यांत गुंतलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. ती खुंटीवर टांगून ठेवली तरी लांबते. खुंटीला कावीळ नसते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रात्यक्षिक गावोगावी करून दाखवत आले आहेत. हातावर चुन्याचे पाणी ओतून पिवळे पाणी ‘काढून’ दाखवण्याचा प्रकारही असाच असतो. तळहातावर आधी झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि चुन्याशी संयोग होताच त्याला पिवळा रंग येतो.

यात धोका असा की सगळ्या काविळी आपली आपण ओसरत नाहीत. पित्तनलिकेत खडा अडकून झालेली कावीळ माळेची वाट पाहत नाही आणि गर्भवतीला झालेला हिपॅटायटिस ‘ई’ जिवावर बेतू शकतो. माळवाल्याकडे बरे झालेले लोक कौतुक सांगायला परत येतात. जे बरे झाले नाहीत, ते रुग्णालयात जातात आणि त्यांची मोजदाद त्याच्या अंगणात कधीच होत नाही.

मुतखड्यावरील पानफुटीची पाने आणि कुळथाचे कढण यांचेही तेच. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुतेकदा पुरेशा पाण्याने आपोआप पडून जातात. कुळथाचे कढण मला स्वतःला फार आवडते आणि मी ते भाताबरोबर खातो, पण खडा पाडण्याचे श्रेय त्याला देण्याआधी खडा किती मोठा होता, एवढे तरी विचारायला हवे.

औषधी_गल्ली (वाशी)

माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे गल्ल्याच्या या बाजूने काय दिसते ते सांगतो. ग्राहक डबी उचलून पुढची बाजू वाचतात. तेथे हिरवे पान, ऋषींचे चित्र आणि ‘प्राचीन सूत्र’ असते. कामाचा मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू अन्न आहे. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे लिहिणे बंधनकारक आहे. पुढे ‘मधुमेह मुळापासून’ असे सुचवणारे चित्र आणि मागे हे वाक्य, असा विनोद मी रोज विकतो. आयुर्वेदिक औषध असेल, तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. यांपैकी काहीच नसलेली सुटी पुडी असेल, तर ती कोणत्या मुळीची आहे हे देणारा सोडून कोणालाच माहीत नसते.

विशेषतः सांधेदुखी आणि दम्यावरील सुट्या पुड्यांपासून सावध राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. वर्षानुवर्षांची गुडघेदुखी ‘नैसर्गिक’ पुडीने दोन दिवसांत थांबली, तर आनंदाऐवजी शंका वाटली पाहिजे. लोक मला म्हणतात, “पण गुण किती लवकर आला!” त्या लवकर येण्यातच तर मेख आहे.

कायदाही आहे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे आणि मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास तो मनाई करतो. म्हणजे असा दावा छापणारा माणूस पहिल्याच ओळीत आपली पत दाखवून देत असतो. आपल्याला वेगळे संशोधन करावे लागत नाही.

पथ्यकर (खारघर)

मी बीएएमएस असून अकरा वर्षे व्यवसाय करत आहे. धागा उघडताना आता आयुर्वेदाला झोडपले जाणार, अशी मनाची तयारी केली होती. तसे झाले नाही, म्हणून लिहीत आहे.

धागाकर्त्यांचा निकष आमच्या शास्त्राला परका नाही. नीट योजना केली तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीची योजना केली तर औषधही विष होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. रुग्णाची प्रकृती, वय, बल, ऋतू, मात्रा, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचे) हे सर्व पाहिल्याशिवाय द्रव्य देऊ नये, असे आम्हाला शिकवले जाते. सकाळी सात वाजता अडीचशे जणांना एकाच मात्रेचा काढा सांगणारा संदेश आधुनिक वैद्यकाच्या कसोटीला उतरत नाही, हे खरेच. तो आयुर्वेदाच्या कसोटीलाही उतरत नाही. ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ एवढे लिहून कोणत्या ग्रंथात, कोणत्या रुग्णासाठी आणि किती दिवस, हे न सांगणाऱ्यावर सर्वांत आधी वैद्यांनी रागावले पाहिजे.

गुळवेलीचा विषय येथे कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही आणि दिसायला सारखी अशी दुसरी जात असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवाल आला आणि त्यांपैकी काहींना आधीपासून ऑटोइम्यून स्वरूपाचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे, आजार होते. आमच्या व्यवसायातील अनेकांनी पहिल्या अहवालाचा सरळ निषेध केला. मला मात्र मंत्रालयाच्या आक्षेपातच अधिक गंभीर गोष्ट दिसली. मंडईबाहेर वीतभर कापलेले देठ ‘येऊरची गुळवेल’ म्हणून मिळतात. त्यांना ना पान असते, ना फूल. दुसरी जात असू शकते हे आपणच मान्य करतो, तर विकत घेणाऱ्याने ओळख पटवायची कशी? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी यकृताचे आणि थायरॉइडचे विचारल्याशिवाय गुळवेल देत नाही. हा नियम मी त्या अहवालानंतर केला आणि तो आधीच करायला हवा होता, हे मान्य करते.

मात्रेविषयी एक हिशेब देते. हळदीत वजनाच्या साधारण तीन टक्के कर्क्युमिन असते. पेलाभर दुधात अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद घातली, तर कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. बाजारातील कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन असते आणि ते रक्तात अधिक शोषले जावे म्हणून मिरीतील पिपरिन घातलेले असते. अशा तीव्र पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतून आल्या आहेत. आजीच्या हळदीच्या दुधाचा अनुभव त्या कॅप्सूलला लागू होत नाही. नाव तेच असले तरी घेतलेली वस्तू तीच राहत नाही.

रानजाई (नेरुळ)

खुंटीवर टांगलेली माळ लांबते, हे माहीत नव्हते. भावाला सांगितले, तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, “पण मला बरे वाटायचे, कारण आई रोज माळ मोजायला जवळ बसायची.”

आजीच्या डब्याविषयीचे माझे म्हणणे मात्र अजून कायम आहे. मधाचे काय? खोकल्याला मध देऊ नये, असे आता कोणी म्हणणार आहे का?

सरळरेषा (ठाणे)

मुळीच नाही. एक वर्षावरील मुलांच्या खोकल्यावर मध काही प्रमाणात उपयोगी पडतो, असे चाचण्यांतून दिसले आहे. कॉक्रेन या संस्थेने त्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये आढावाही प्रसिद्ध केला आहे आणि त्यांचे सोप्या भाषेतील सारांश कोणालाही मोफत वाचता येतात. त्याच मधाचे बोट एक वर्षाखालील बाळाला चाटवू नये, कारण त्यातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. मधुमेह असलेल्या आजोबांसाठी तो साखरच आहे. आजीचा डबा फेकून द्या, असे कोणीच म्हणत नाही. त्यातील एकेका पुडीवर अशी दोन वाक्ये चिकटवा, एवढेच.

जुनी_फाईल (ठाणे)

वनस्पतीवर विश्वास कसा बसतो, याचे आपल्या शेजारचेच उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांमध्ये तपासला आणि ५० रुग्णांचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती, पण जगभरातील डॉक्टरांनी ती हातात घेतली ती या मोजमापानंतर. पुढे तिच्यातील रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर हे वैद्यकातील मानाचे पारितोषिक मिळाले.

या गोष्टीचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येत असल्याचे नंतर नोंदवले गेले, सुरक्षित औषधे आली आणि ते मागे पडले. म्हणजे गुण मोजणाऱ्यांनीच दोषही मोजला. सर्पगंधेची भुकटी आजही ‘झोपेसाठी निर्धोक’ म्हणून सुचवणारे लोक पहिला भाग अभिमानाने सांगतात आणि दुसऱ्या भागापाशी गप्प बसतात.

पायवाट (सीवूड्स)

प्रश्न असा आहे की, ‘संशोधनाने सिद्ध’ असे आता प्रत्येकजणच लिहितो. सामान्य माणसाने कोणते संशोधन खरे मानावे? सफरचंदाच्या व्हिनेगरने वजन उतरते, हे तर मी चांगल्या वर्तमानपत्रात वाचले होते आणि चार महिने घेतलेही.

जुनी_फाईल (ठाणे)

पायवाट, तो अभ्यास लेबनॉनमधील होता. १२ ते २५ वयाच्या १२० जणांवरचा. २०२४ मध्ये बीएमजे समूहाच्या पोषणविषयक नियतकालिकात तो आला आणि जगभर बातमी झाली. आकडेवारीत गंभीर त्रुटी आढळल्याने सप्टेंबर २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची नोंदणी केलेली नव्हती, हाही एक आक्षेप होता. आपल्याकडे अशा नोंदणीसाठी ‘सीटीआरआय’ ही नोंदवही २००७ पासून आहे आणि ती कोणालाही चाळता येते. नोंद असणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे, पण काय मोजणार हे आधी लिहून ठेवणाऱ्याला नंतर सोयीचा आकडा निवडता येत नाही. अभ्यास उंदरांवरचा की माणसांवरचा, किती जणांवरचा आणि तुलनेसाठी दुसरा गट होता की नाही, एवढे विचारले तरी बहुतेक ‘सिद्ध’ दावे गळून पडतात.

रानजाई (नेरुळ)

आता माझ्याकडून एक निरीक्षण, कारण या धाग्यामुळे आज सकाळी मी ते नीट पाहिले. ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानातली फेरी संपवून बाहेर आले की रसाची हातगाडी असते. दुधीचा रस हृदयाला चांगला म्हणून मी वर्षभर घेत आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, त्यामुळे रक्ताच्या उलट्या होऊ शकतात आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो, हे मला ठाऊक होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनी सांगितलेली साधी खबरदारीही वाचली होती: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा आणि कडू लागला तर फेकून द्यावा.

आज गाडीवाल्याकडे पाहत उभी राहिले. त्याने आदल्या रात्री चिरून डब्यात ठेवलेल्या दुधीच्या फोडी घेतल्या, त्यांत कारल्याचे चार तुकडे, आवळा आणि कडुनिंबाची पाने टाकली आणि सर्व एकत्र फिरवले. माझा नेहमीचा ‘मिक्स’. म्हणजे वर्षभर मी असा रस पीत होते, ज्यात दुधी कडू निघाला असता तरी कारल्याच्या चवीखाली मला कळलेच नसते. दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नये, असे त्याच तज्ज्ञांनी सांगितले होते. मी ते वाचून विसरून गेले होते. मी त्याला विचारले, “दादा, दुधी चाखून बघता का?” तो म्हणाला, “ताई, एवढ्या सकाळी कोण चाखणार?”

उत्तर प्रामाणिक होते. उद्यापासून दुधीची भाजी घरी करणार आहे.

पथ्यकर (खारघर)

रानजाई, भाजी करतानाही तुकडा चाखावा. शिजवल्याने तो कडूपणा जात नाही.

औषधी_गल्ली (वाशी)

एक व्यावहारिक भर. काही त्रास झालाच, तर रुग्णालयात त्या पदार्थाची पुडी किंवा बाटली सोबत घेऊन जावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते आणि त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तसेच थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळीपाठोपाठ इसबगोल घेऊ नये. इसबगोल उत्तम आहे, बद्धकोष्ठतेवर आणि कोलेस्टेरॉलवरही त्याचा चांगला पुरावा आहे, पण ते गोळीचे शोषण कमी करू शकते. मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे.

तळेकाठचा (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. औषधी_गल्ली यांचा शेवटचा मुद्दा आईला लागू पडला. तिला थायरॉइडची गोळीही आहे, हे मी मूळ लेखात लिहायचे विसरलो होतो आणि इसबगोल ती खरोखरच सकाळी घेत होती. आता ते रात्री गेले आहे. फ्रिजवर एक कागद लावला असून त्यावर ‘पाण्यापासून’ सर्व काही लिहिले आहे आणि पुढच्या तपासणीला तोच कागद न्यायचा आहे.

हद्द सांगण्याच्या निकषाबरोबर ‘काही केले नसते तर काय झाले असते’ हा सरळरेषा यांचा प्रश्न आणि पथ्यकरांचा मात्रेचा हिशेब यांची भर घालावी लागेल, हे मान्य. निकष एकटा पुरेसा नव्हता.

काल संध्याकाळी धीर करून त्या गटावर काकांना नम्रपणे विचारले की, हा काढा कोणी घेऊ नये, हे कृपया कळवावे. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आज दुपारी आले. त्यांना तशी माहिती नव्हती. त्यांना तो संदेश पुण्याच्या मेहुण्यांकडून आला होता. ते स्वतः काढा घेत नाहीत, कारण तो गोड लागतो आणि त्यांना मधुमेह आहे.